वायर धरून चालत जाऊ

पहिल्या तासाला इंटरनेटबद्दल काहीही सांगू नका. मुलांना कोरा कागद द्या आणि म्हणा, "तुमच्या मोबाइलवर गाणं लागतं ते कुठून येतं, कसं येतं, त्याचं चित्र काढा." वीस मिनिटं द्या. बाकांमधून फिरा, पण बोलू नका. सहावी-सातवीचा वर्ग असेल तर बहुतेक कागदांवर टॉवर दिसेल, टॉवरच्या वर उपग्रह दिसेल आणि दोघांच्या मधे नागमोडी रेघा. मी हा तास जेव्हा जेव्हा घेतला, तेव्हा वायर काढणारी मुलं वर्गात दोन-तीनच निघाली. बहुतेक वेळा त्यांच्या घरी नुकतंच फायबर आलेलं असतं आणि भिंतीला भोक पाडताना त्यांनी शेजारी उभं राहून पाहिलेलं असतं.

कागद गोळा करा, त्यावर तारीख घाला, कपाटात ठेवून द्या. चुका दुरुस्त करायच्या नाहीत. त्या चित्रांची गरज शेवटी लागणार आहे.

मुलांच्या लेखी नेट ही हवेतली गोष्ट आहे. पॅक मारला की येतं, संपला की जातं, पाऊस आला की रेंज जाते. या समजुतीच्या वर व्याख्या दिल्या, तर त्या ओल आलेल्या भिंतीवर रंग दिल्यासारख्या होतात. सुरुवातीची काही वर्षं मीही फळ्यावर लॅन, मॅन, वॅन लिहूनच धडा सुरू करत असे. मुलं पाठ करत, पेपरात बरोबर लिहीत आणि मग मधल्या सुट्टीत येऊन विचारत, "सर, वायफाय फुल दाखवतंय तरी नेट का नाही?" धड्यातून त्यांना हवं होतं ते नेमकं हेच, आणि तेवढंच राहून गेलेलं असायचं. म्हणून आता मी उलट्या बाजूने जातो. आधी हाताला लागेल अशी वस्तू, मग खेळ, मग नाव, आणि व्याख्या अगदी शेवटी.

दुसऱ्या तासाला वर्ग संगणक खोलीत न्या आणि सगळ्यांना टेबलांच्या मागच्या बाजूला उभं करा. पडद्याकडे पाठ. प्रत्येक कॉम्प्युटरच्या मागे एक निळी किंवा राखाडी वायर खुपसलेली असते. ती काढायची कशी आणि लावायची कशी, हे प्रत्येक मुलाने स्वतः करायचं. प्लास्टिकची छोटी जीभ दाबली की वायर सुटते, परत लावली की 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज आल्याशिवाय वायर बसलेली नसते. वायर काढली की खोक्यावरचा हिरवा दिवा जातो, लावली की लुकलुकायला लागतो. मग मुलांना म्हणा, ही वायर बोटाने धरून चालत जा आणि कुठे पोचते ते सांगा. ती एका चपट्या खोक्याशी, म्हणजे स्विचशी जाते. तिथे सगळ्यांच्या वायरी येऊन मिळालेल्या असतात. स्विचमधून एक वायर राऊटरकडे, राऊटरकडून फायबरच्या डब्याकडे, डब्यातून एक बारीक तार खिडकीतून बाहेर, आणि तिथून रस्त्यावरच्या खांबाकडे. मुलांना खांबापर्यंत नेऊन आणा. या पाच मिनिटांच्या चालण्याने जे डोक्यात बसतं, ते फळ्यावरच्या आकृतीने बसत नाही.

टाकाऊ झालेली एखादी वायर मिळाली तर हातभर तुकडा कापून वरचं आवरण सोलून दाखवा. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, आणि मुलांचाही. आत आठ तारा असतात, चार जोड्यांत: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीबरोबर त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी जोडीदारीण. प्रत्येक जोडी वेणीसारखी पिळलेली असते. मुलांना विचारा, सरळ तारा घातल्या असत्या तर स्वस्त पडलं असतं, मग पीळ का दिला? उत्तराची घाई करू नका. कुणीतरी म्हणेल मजबुतीसाठी, कुणी म्हणेल जागा वाचावी म्हणून. खरं कारण असं, की तारेतून वीज जाते तेव्हा ती शेजारच्या तारेत थोडी कुरकुर उमटवते. पीळ दिला की दोन्ही तारा त्या कुरकुरीच्या आळीपाळीने जवळ-लांब होतात. त्यामुळे ती दोघींत सारखीच उमटते. पलीकडचं यंत्र मोजतं ते दोन तारांमधला फरक, आणि फरक काढताना सारखी कुरकुर आपोआप वजा होऊन जाते. आता चारही जोड्या शेजारी ठेवून एका बोटाच्या लांबीत किती पीळ बसतात ते मोजायला लावा. प्रत्येक जोडीचा आकडा वेगळा येतो. जोड्यांनी एकमेकींना त्रास देऊ नये म्हणून तो मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. कोणीतरी इतका बारीक विचार करून ठेवला आहे, हे मुलाला स्वतः मोजून कळतं, तेव्हा त्याच्या हातातली वायर त्याच्यासाठी वेगळी होते.

आता त्या वायफायच्या प्रश्नाकडे. यासाठी संगणक खोलीही लागत नाही. एका अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि त्याच फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवा. दोन-तीन फोन त्या हॉटस्पॉटला जोडा. पट्ट्या पूर्ण भरलेल्या दिसतील, पण कोणतीही साइट उघडणार नाही. म्हणजे फोन ते फोन हे नातं शाबूत आहे, बाहेरचा रस्ता बंद आहे. संगणक खोली असेल तर हेच मोठ्या प्रमाणावर दाखवता येतं. फायबरच्या डब्यातून राऊटरकडे येणारी वायर काढा (फायबरची तार मात्र स्वतः उपसू नका, तिचं टोक धुळीने खराब होतं). साइट बंद पडतात, पण आधी शेअर करून ठेवलेली फाइल या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर उघडते आणि प्रिंटही निघते. आता सांगा: खोलीच्या आत चाललं ते आपलं नेटवर्क. अशी लाखो नेटवर्कं एकमेकांना जोडली की इंटरनेट. वायफाय म्हणजे नेटवर्कमधला शेवटचा बिनवायरचा टप्पा, इतकंच.

तिसरा तास मैदानावर. याला जरा जास्त वेळ द्या, जमल्यास जोडतास घ्या, कारण इंटरनेटचा प्राण इथे आहे.

फक्कीने सोळा चौकोन आखा, चार गुणिले चार. प्रत्येक चौकोनात एक मूल, म्हणजे एक राऊटर. एका कोपऱ्याबाहेर निरोप पाठवणारी मुलगी, समोरच्या कोपऱ्याबाहेर निरोप घेणारा मुलगा. निरोप असा: "उद्या सकाळी आठ वाजता मैदानावर जमायचं नाही." एका चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा. म्हणजे सात चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर वर तीन गोष्टी: कुणाकडे, कुणाकडून, आणि सातपैकी कितवी. राऊटर झालेल्या मुलांसाठी नियम दोनच. चिठ्ठीवरचं 'कुणाकडे' वाचायचं, आणि शेजारच्या चार चौकोनांपैकी जो त्या दिशेला जवळचा, त्याच्या हातात द्यायची. त्या शेजाऱ्याचे हात भरलेले असतील तर दुसऱ्या शेजाऱ्याला द्यायची.

पहिल्या फेरीत गोंधळ होईल, होऊ द्या. पाचवी चिठ्ठी तिसरीच्या आधी पोचेल. घेणारा मुलगा क्रमांक पाहून लावून घेईल. दुसऱ्या फेरीत मधल्या दोन मुलांना खाली बसवा, म्हणजे राऊटर बंद पडले. चिठ्ठ्या वळसा घालून जातात, आणि कुणी आज्ञा न देता जातात. तिसऱ्या फेरीत तुम्ही गुपचूप सातवी चिठ्ठी काढून खिशात घाला. आता घेणाऱ्याच्या हातात निरोप येतो: "उद्या सकाळी आठ वाजता मैदानावर जमायचं." अर्थ पार उलटा! चिठ्ठीवर 'सातपैकी' लिहिलेलं नसतं तर अख्खा वर्ग मैदानावर येऊन उभा राहिला असता. मुलाच्या लक्षात येतं की एक कमी आहे. तो उलट निरोप पाठवतो, "सातवी परत पाठव." पाठवणारीकडे नक्कल आहे, ती पुन्हा पाठवते.

झालं. मुलांनी आत्ता जे केलं त्याला टीसीपी म्हणतात आणि चिठ्ठीला पॅकेट. नाव आत्ता सांगा, आधी नाही. खऱ्या पॅकेटमध्ये क्रमांक लावायची रीत थोडी वेगळी असते, पण तत्त्व हेच. साधारण पॅकेट दीड हजार बाइटचं असतं. मोबाइलवर काढलेला तीन एमबीचा फोटो पाठवला की त्याच्या जवळपास दोन हजार चिठ्ठ्या होतात. हा आकडा मुलांना भागाकार करून काढू द्या.

व्हिडिओ कॉलवर चेहरा मधेच फाटल्यासारखा का दिसतो, असं कुणीतरी विचारतंच. तिथे हरवलेली चिठ्ठी परत मागण्यात अर्थ नसतो. ती येईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. म्हणून ती सोडून देतात. कुठे थांबून परत मागायचं आणि कुठे सोडून पुढे जायचं, यावर आठवी-नववीच्या मुलांना गट करून बोलायला लावा: बँकेचे पैसे, क्रिकेटचं थेट प्रक्षेपण, निकालाची गुणपत्रिका, फोनवरचं बोलणं.

या खेळात एक गोष्ट मुलांच्या नजरेस आणून द्याच. मधल्या सोळा जणांना निरोप काय आहे ते ठाऊक नव्हतं. शहाणपण दोन टोकांना होतं, मधले फक्त पुढे देत होते. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या रचनेचा हाच कणा आहे, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतलं अर्पानेट हे नेटवर्क त्या पद्धतीवर आलं. मधल्यांना काहीच ठाऊक असावं लागत नाही, म्हणूनच नंतर व्हिडिओ आला, नकाशे आले, पैसे पाठवणं आलं, आणि प्रत्येक वेळी सगळं नेटवर्क उकरून नव्याने बसवावं लागलं नाही. अर्पानेटवरचा पहिला निरोप २९ ऑक्टोबर १९६९ चा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरं गेली आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. पहिल्या फेरीत ज्यांच्या चिठ्ठ्या मैदानावर सांडल्या, त्यांना ती ऐकायची गरज असते.

पत्त्याचा विषय निघाला की पिनकोड हाताशी आहे. देशात पिनकोड सुरू झाला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आणि ती पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, मूळचे कोकणातले आणि संस्कृतचे कवी. चेन्नईत टपाल वेगळं करणाऱ्याला पुण्यातली गल्ली माहीत असायची गरज नाही. त्याने ४११ पाहिलं की पत्र पुण्याच्या थैलीत. पुढचे तीन अंक पुण्यातला माणूस पाहील. राऊटरही पत्त्याचा पुढचा भाग पाहूनच दिशा ठरवतो. मात्र इथे मुलांना एक फरक स्पष्ट सांगा, नाहीतर गैरसमज रुजतो: पिनकोड जमिनीच्या तुकड्याला दिलेला असतो, आयपी पत्ता जोडणीला. तोच फोन शाळेच्या वायफायवर एक पत्ता घेतो आणि घरी दुसरा.

दोन मुलं घरून आपापल्या राऊटरचा पत्ता लिहून आणतात आणि दोघांचाही निघतो १९२.१६८.१.१. मग वर्गात वाद होतो. हा वाद होईल अशी व्यवस्थाच करा. उत्तर त्यांच्याच भोवती आहे. प्रत्येक सोसायटीत फ्लॅट नंबर १०१ असतोच. आतल्या आत तो पुरतो. बाहेरचं पत्र सोसायटीच्या पत्त्यावर येतं आणि आत कुणाचं कुठलं ते राऊटर पाहतो. असं करावं लागतं, कारण जुन्या पद्धतीत चार आकड्यांचे पत्ते मिळून सव्वाचारशे कोटींच्या आसपासच होतात आणि जगातली यंत्रं त्याहून जास्त झाली. नव्या पद्धतीत पत्ते भरपूर आहेत, पण बदल हळूहळू होतो आहे.

आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं. मोबाइलमध्ये आपण 'आई' दाबतो, नंबर फोन शोधतो. साइटच्या नावामागचा आकडा शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस, १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातली एक संस्था ठेवी आणि बाकीचे तिथून उतरवून घेत. वर्गात विचारा, गावातल्या सगळ्यांचे नंबर एकाच वहीत ठेवले तर काय होईल? मुलं अडचणी स्वतःच सांगतात. २०१४ पासून नावाच्या शेवटी देवनागरीत 'भारत' लावता येतं, हेही दाखवा. नाव कुठल्याही लिपीत असलं तरी मागे आकडाच असतो.

नववीच्या पुढच्या वर्गाला कमांड प्रॉम्प्ट उघडून ट्रेसर्ट चालवून द्या. एकेक ओळ म्हणजे वाटेतला एकेक राऊटर, शेजारी मिलिसेकंदांत वेळ. मधे एखाद्या ओळीवर चांदण्या आल्या तर मुलं म्हणतात बिघडलं. तसं नसतं. तो राऊटर निरोप पुढे देतो, फक्त आपल्याला उत्तर द्यायचं नाकारतो. वेळ अचानक वाढलेली ओळ शोधायला लावा. बऱ्याचदा तिथे निरोपाने समुद्र ओलांडलेला असतो.

आणि मग जगाचा नकाशा काढा, कारण उपग्रहाचं चित्र आता पुसायचं आहे. खंडाखंडांतली जवळजवळ सगळी ये-जा समुद्रतळावरच्या फायबर केबलमधून होते. खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढीच जाड असते. आपल्याकडे ती मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्यावर येते, चेन्नईत येते, कोचीत येते. नकाशावर मुंबईहून तांबडा समुद्र, सुएझ, भूमध्य समुद्र असा दोरा टाचण्यांनी लावा. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दहा हजार किलोमीटरला सेकंदाचा विसावा भाग. आता उपग्रहाचा हिशेब: जुन्या धर्तीचा स्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. वर जाऊन खाली यायलाच जवळपास पाव सेकंद, उत्तर मिळेपर्यंत अर्धा. आता कमी उंचीवरून फिरणारे उपग्रह आले आहेत, जिथे वायर पोचत नाही तिथे त्यांचा उपयोग होतो, पण मोठा भार समुद्रतळच वाहतो. किनाऱ्यावरच्या शाळांत एक गोष्ट आवर्जून सांगा: या केबलना होणारी बरीचशी इजा मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी होते. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट मंदावलं. ही घटना ऐकल्यावर नकाशावरच्या दोऱ्याकडे मुलं वेगळ्या नजरेने पाहतात.

वेब आणि इंटरनेट एक नव्हे, हे मात्र फार ताणू नका. इंटरनेट म्हणजे रस्ते, वेब म्हणजे त्या रस्त्यांवरून चालणारी एक वाहतूक. स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सगळ्यांसाठी मोफत खुली केली. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. एवढं पुरे.

वेगाचा हिशेब मात्र नक्की शिकवा, घरी लगेच कामाला येतो. जाहिरातीत '१०० एमबीपीएस' असतं ते बिटमध्ये. फाइल मोजतात बाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. एक जीबीच्या सिनेमाला, सगळं सुरळीत असलं तर, ऐंशी सेकंद. घरचं बिल आणायला सांगा आणि हा हिशेब मुलांकडून आई-बाबांना समजावून द्या.

सुरक्षिततेचा धडा वेगळा घेऊन मुलांना घाबरवण्यापेक्षा पुन्हा मैदानावर न्या. तोच खेळ, पण एका मधल्या मुलाच्या कानात सांगा: चिठ्ठ्या वाच, आणि 'आठ'चं 'नऊ' कर. खेळ संपल्यावर काय झालं ते उघड करा. मुलं चिडतात, ते बरंच आहे. मग उपाय त्यांनाच शोधू द्या. कुणीतरी सांकेतिक लिपीवर येतंच: क च्या जागी ख, ख च्या जागी ग. ब्राउझरमधलं कुलूप हेच काम फार पक्क्या रीतीने करतं. इथे थांबू नका, पुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे: कुलूप सांगतं की वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडचा माणूस खरा आहे, असं ते सांगत नाही. खोट्या साइटलाही कुलूप असतं. म्हणून नाव वाचायला शिकवा. 'एचटीटीपीएस' नंतरच्या दोन तिरक्या रेघांपुढे पहिली एकटी तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यायचा आणि त्याची उजवीकडची टोकाची दोन-तीन पदं नीट पाहायची. बँकेचं नाव डावीकडे कुठेतरी चिकटवणं कुणालाही जमतं. ओटीपी मागणारा कोणीही असो, द्यायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा. हा नंबर मुलांनी आजी-आजोबांच्या फोनमध्ये भरून द्यावा. आणि हे स्पष्ट शब्दांत सांगा: चूक झाली, कुणी फोटो मागितला, कुणी धमकावलं, तर घरी किंवा शाळेत सांगणाऱ्या मुलाला रागावलं जाणार नाही. मग तो शब्द पाळा.

शेवटच्या तासाला परिसरातल्या फायबर जोडणाऱ्या माणसाला शाळेत बोलवा. बहुतेक जण आनंदाने येतात. त्यांना कामाबद्दल विचारणारं कुणी सहसा भेटत नाही. आमच्याकडे आलेल्या दादांनी केसाएवढी काचेची तार दाखवली, ती तोडून मशीनमध्ये जोडून दाखवली, मग दोनशे मीटर तारेचं भेंडोळं व्हरांड्यात ठेवलं आणि एका टोकाला लाल उजेडाची पेन लावली. टोक डोळ्यांकडे धरायचं नाही, ही ताकीद आधी दिली. मुलं दुसऱ्या टोकाशी ओळीने उभी राहिली आणि एकेकाने तळहात पुढे केला. तळहातावर लाल ठिपका उमटत होता.

त्यानंतर कपाटातले जुने कागद वाटा आणि मागच्या बाजूला तेच चित्र पुन्हा काढायला सांगा. आमच्या एका मुलीने खांबांची रांग काढली, रस्ता काढला, समुद्र काढला आणि समुद्राच्या तळाशी तार काढली. गावाबाहेरचा पूल आणि तालुक्याचं गाव यांच्या मधे तिने जागा कोरी सोडली होती आणि तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं: "इथून कशी जाते ते दादांना विचारायचं राहिलं."